दहा लाद्यांचं अंतर : वर्तकनगरच्या काकूंना जाहीर आभारपत्र

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

भित्र्या पिल्लांना माणसाळवायचं कसं हे लिहिलेल्या तुमच्या वहीच्या झेरॉक्स सध्या ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत फिरतायत. मूळ वही, कव्हरवर पातेल्याचा गोल डाग असलेली ती दोनशे पानी, नीट जपून ठेवली आहे. रस्त्यावरून उचललेलं, माणसाला भिणारं कुत्र्याचं पिल्लू ज्यांच्या घरी जातं त्यांच्या हाती पिल्लाबरोबर ही पानंही जातात. म्हणून पत्र जाहीर लिहितोय, आणि कुठल्या पानाचा काय उपयोग झाला तेही सांगतोय. नुसतं 'धन्यवाद' म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, "ते राहू दे, पिल्लू जेवलं का?"

पहिल्या पानावर तुमची एकच ओळ आहे: 'तीन दिवस काही करायचं नाही.' वहीतली सगळ्यात अवघड सूचना हीच. पिल्लू घरात आलं की शेजारची मुलं येतात, कोणीतरी व्हिडिओ कॉल लावतं, पिल्लू पलंगाखाली जातं आणि घरातला सगळ्यात प्रेमळ माणूस आडवा होऊन त्याला बाहेर ओढतो. तिथेच गाडी रुळावरून उतरते. लपूनही सुटका नाही, हे एकदा पिल्लाला कळलं की त्याच्याकडे दोनच गोष्टी उरतात: दात, नाहीतर दगडासारखं गप्प पडून राहणं. दुसऱ्या प्रकाराला लोक 'शांत झालं' म्हणतात. ते शांत झालेलं नसतं, त्याने हार मानलेली असते.

कोपरा कसा असावा हे तुम्ही चित्र काढून दाखवलंत. पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा, वर जुनी चादर, तीन बाजू बंद, तोंड उघडं. हॉलमध्ये, पण जाण्यायेण्याच्या वाटेवर नाही. पाणी तोंडाजवळ, शू-शीसाठी वर्तमानपत्रं चार-पाच फुटांवर. बाल्कनी नको, कारण पंधराव्या मजल्यावर खालच्या हॉर्नपासून मेट्रोच्या कामापर्यंत सगळं एकदम कानावर येतं आणि आवाज कुठून येतोय ते पिल्लाला कळत नाही. पलंगाखालची जागा आधीच सामान लावून बंद करायची, म्हणजे ओढून काढायची वेळच येत नाही.

मग ते लाद्यांचं पान. 'दहा लाद्या सोडून जमिनीवर बसा, पिल्लाकडे तोंड करून नाही, एका बाजूला वळून. डोळ्यात बघू नका. भाजी निवडा, पेपर वाचा.' यावरून एक गंमत झाली. तुमच्या जुन्या इमारतीत मोझॅकची लादी साधारण फूटभराची. टॉवरमध्ये दोन फुटी. एका घरात दहा लाद्या मोजता मोजता माणूस हॉल ओलांडून थेट ओट्याला टेकला आणि तिथून पिल्लू दिसेना. आता झेरॉक्सवर आम्ही पेनाने 'दहा फूट' लिहितो. चूक उलटी झाली असती, म्हणजे अंतर निम्मं झालं असतं, तर मात्र महागात पडलं असतं. पाच फुटांवर पिल्लू खायचं थांबलं असतं आणि घरच्यांना वाटलं असतं, याला चिकन आवडत नाही. न खाणं हा नखरा नसतो. घाबरलेल्या जिवाला भूक जाणवत नाही, म्हणून पिल्लाने तुकडा हुंगून सोडला की दोन फूट मागे सरकायचं. तुमचं हे वाक्य आता आमच्यात म्हणीसारखं झालंय: 'खात नाही? तू मागे हो.'

सगळ्यात मोठे आभार मात्र तुकडा कुठे टाकायचा, त्या पानासाठी. बहुतेक जण तुकडा हातात धरतात, पिल्लाला पुढे पुढे बोलावतात. पिल्लू येतंही. पण तुम्ही म्हणता, तोंड बघू नका, मागचे पाय बघा. बघितलं की दिसतं: मान रबरासारखी ताणलेली, नाक तुकड्यापाशी, आणि मागची दोन्ही पावलं जिथल्या तिथे, नखं लादीवर रुतवलेली. पोट म्हणतंय चल, पाय म्हणतायत नको. तुकडा गिळला की पिल्लाच्या लक्षात येतं की आपण माणसाच्या फारच जवळ आलोय. मग ते दचकून पळतं, नाहीतर हाताला चावतं. दोन्हींत त्याला आपली भीती खरीच होती असं वाटतं.

म्हणून तुकडा पिल्लाच्या पलीकडे टाकायचा. आपल्यापासून दूर. पिल्लू वळतं, लांब जाऊन खातं, त्याच्या जिवावरचा ताण उतरतो. मग ते मान वळवून बघतं आणि स्वतःहून एक-दोन पावलं परत येतं. पुन्हा पलीकडे. आठ-दहा तुकडे झाले की उठून जायचं, अजून हवंय असं पिल्लाला वाटत असतानाच. दिवसातून तीन-चार वेळा. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. जवळ यायला हवं आणि खाऊ लांब? पण लांब जाता येतं हे पक्कं झालं की जवळ यायला पिल्लाची हरकत नसते. मागची पावलं पुढच्यांबरोबर चालायला लागली की जमलं. कुठे चार दिवस लागतात, कुठे चार आठवडे. कॅलेंडर बघून इथे काही होत नाही.

तुकड्याचं माप तुम्ही वाटाण्याएवढं दिलंय. लहान जातीच्या पिल्लासाठी हरभऱ्याच्या डाळीएवढं. चिकन नुसतं पाण्यात उकडलेलं, मीठ नाही, कांदा-लसूण तर नाहीच, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शाकाहारी घरात पनीर, पण आधी एखादाच तुकडा देऊन पोट बिघडत नाही ना ते बघून. असा वरचा खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. गणपतीतली सूचना तुम्ही लाल पेनाने लिहिली आहे आणि ती आम्हीही लालच ठेवली: प्रसादातले बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. चॉकलेटही कुत्र्याला विषारीच. पाहुण्यांना हे दारातच सांगायचं.

आता कुकर. 'आधी शिट्टी, मग तुकडा' असं तुम्ही तीन वेळा अधोरेखित केलंय. क्रम उलटा झाला की काय होतं ते एका घरी कळलं. पिल्लू घाबरू नये म्हणून ते शिट्टीच्या आधीच चिकन द्यायचे. आठवड्याभरात पिल्लू चिकन बघूनच खोक्यात शिरायला लागलं, कारण चिकन दिसलं की आता शिट्टी होणार हे त्याला पाठ झालं होतं. आवाज आधी, त्याच्या पाठोपाठ सेकंदाभरात तुकडा, म्हणजे आवाजाचा अर्थ बदलतो. सुरुवात खऱ्या कुकरने नाही. मोबाइलवर शिट्टी रेकॉर्ड करून दुसऱ्या खोलीतून, अगदी बारीक. पिल्लाने कान हलवावा, शेपटी पायात घालू नये, एवढाच आवाज. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत, म्हणून आपल्याला 'एवढीशी' वाटणारी शिट्टी तिकडे सुरीसारखी पोचते. एका वेळी पाच-सहा शिट्ट्या, बस. घंटागाडी, मिक्सर, दाराची बेल, सगळ्यांना हाच क्रम.

दिवाळीच्या फटाक्यांचं मात्र वेगळं, हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. सुतळी बॉम्बचा छातीत बसणारा दणका मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही. सराव दोन महिने आधी सुरू केला तरी त्या दिवसांत आतली खोली, बंद खिडक्या, पंखा आणि टीव्ही चालू, हेच खरं. पिल्लू फारच थरथरत असेल तर औषधासाठी डॉक्टरांना आठवडाभर आधी गाठायचं, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही. आणि आपल्या डब्यातली झोपेची गोळी कधीच नाही.

'घाबरलेल्याला जवळ घेतलं की भीती वाढते' हे सोसायटीच्या बागेत रोज कोणीतरी सांगतं. तुम्ही ते सरळ खोडलंत. भीती हा काही खाऊ मिळावा म्हणून केलेला खेळ नाही, त्यामुळे धीर दिल्याने ती वाढत नाही. पिल्लू आपणहून मांडीपाशी आलं तर येऊ द्यावं. आपण जाऊन कवटाळू नये, एवढाच फरक.

हात लावायची तुमची रीतही आता मुलांना पाठ आहे. हात वरून डोक्यावर नाही, खालून, छातीपाशी. तीन अंक मोजेपर्यंत खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. पिल्लू टेकलं, नाकाने ढकललं, तर पुन्हा तीन. ते नुसतंच बसून राहिलं, ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तर उत्तर 'नको' आहे. आपण वाकल्यावर पिल्लाने जागीच शू केली तर ओरडायचं नाही. ते 'मला मारू नका' म्हणतंय. ओरडलं की उद्या जास्त करेल.

लसीचं पान आम्ही डॉक्टरांनाही दाखवलं. पेच असा की जगाची ओळख करून घ्यायचं पिल्लाचं वय साधारण तीन ते बारा-चौदा आठवडे, आणि पहिल्या लसींची मालिका संपते सोळा आठवड्यांच्या आसपास. तोवर घरात कोंडलं तर ते वय निघून जातं. खाली सोडलं तर पार्व्हो या जीवघेण्या रोगाची धास्ती, कारण त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तुमची तोड सोपी: कापडी झोळीत घालून गेटपर्यंत न्या, खाली ठेवू नका, दहा मिनिटं रिक्षा-सायकली दुरून दाखवा, परत आणा. लस न झालेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागून खरचटलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. 'लहान तर आहे' म्हणून थांबायचं नाही.

वर्तकनगरच्या तुमच्या वहीत लिफ्ट नव्हती, ते पान आम्ही जोडलंय. आधी उघडी लिफ्ट लांबून बघायची, मग एकाने दार धरून आत-बाहेर, मग एकच मजला. आणि नुसता गळपट्टा नको: घाबरलेलं पिल्लू मागे ओढतं आणि डोकं अलगद सोडवून घेतं. छातीचा हार्नेस, शिवाय गळपट्टा, दोन्हींना दोर. पिल्लं हरवतात ती बहुतेक अशीच, पहिल्या काही दिवसांत.

एका पानाशी आम्ही अजून भांडतो. सगळं जेवण हातानेच भरवा असं तुम्ही म्हणता. आमचं मत, फार भित्र्या पिल्लाला वाटीतलं जेवण कोणी जवळ नसताना मिळायलाच हवं. भुकेपायी त्याला आपल्यापर्यंत यावं लागू नये. तुमच्याच 'लांब जाता आलं पाहिजे' या तत्त्वावरून आम्ही हे म्हणतोय, तेव्हा रागावू नका.

सरावलेलं पिल्लू पुन्हा भित्रं होण्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, त्या पुरल्या. वयाच्या आठ ते अकरा आठवड्यांत आणि पुन्हा सहा महिन्यांनंतर कधीतरी, काल चालणारी गोष्ट आज चालत नाही. दवाखाना झाला की दुसरा दिवस सुट्टीचा. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, ते झोपू द्यायचं.

रविवारी वाघबीळहून दोन नवी पिल्लं येतायत, बहिणी आहेत, एक खाते आणि एक नुसती बघते. खोके तयार आहेत.

तुमची,
घोडबंदर रस्त्यावरची पिल्लं सांभाळणारी मंडळी

ता. क. : चिकनचा तुमचा स्टीलचा डबा मानपाड्याला आहे आणि झाकण कासारवडवलीला. दोन्ही एकत्र झाले की आणून देतो.