फोंड्यातल्या त्या दोन लादी बसवणाऱ्यांचे आभार

गेल्या आठवड्यात सासूबाई आंघोळ करत असताना बाथरूममधला काचेचा पडदा आपोआप फुटला. कुणी हात लावला नव्हता. स्फोटासारखा आवाज आला आणि जमीनभर काचेचे दाणे पसरले. माई आत, अनवाणी, साबणाने भरलेल्या. एक पाऊल टाकायची सोय नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये लादी बसवणारे दोघे आवाज ऐकून धावत आले. मोठा दारातच थांबला. आत न डोकावता, पाठ फिरवून त्याने पायातले गमबूट काढले आणि माझ्या हातात दिले. “पहले माँजी को ये पहनाओ.” धाकट्याने तोवर लाद्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे आणून माझ्यापुढे दारापासून नळापर्यंत अंथरले, मान खाली घालूनच. माई टॉवेल गुंडाळून, ते ढगळ बूट फटक-फटक वाजवत बाहेर आल्या. चक्क हसत होत्या!

मग दोघांनी चौकटीत लोंबकळणारी काच हातमोजे घालून काढली, झाडून घेतलं, उरलेली बारीक कच ओल्या वर्तमानपत्राने टिपली. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच अशी बोथट दाण्यांत फुटते म्हणून जीव वाचला. कडेला टवका उडालेला असला किंवा स्क्रू जास्त आवळलेला असला, तर ती पुढे कधीही फुटू शकते, हे त्या दोघांतल्या मोठ्यानेच समजावलं.

पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोन-दोन कप प्यायले. गडबडीत नावं विचारायची राहिली. काम संपवून ते गेले आहेत. कुणाच्या घरी आले तर माईंचा निरोप सांगा: जेवायला या.