आई, त्या रात्रीच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा आंघोळीला गेले तेव्हा आई, तू हळूच म्हणालीस, "माझ्याच हातून झालं गं सगळं." मी काही बोलणार तेवढ्यात ते बाहेर आले आणि तू दुधाच्या हिशेबावर गेलीस. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आईचा नवा चष्मा अजून यायचाय.

तू दिलेल्या जुलाब थांबायच्या गोळीनं बाबा आजारी पडले नाहीत. आजार आठवडाभर आधीच सुरू झाला होता. दाढेसाठी क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक पाच दिवसांचं दिलं होतं. ठणका पुरता गेला नाही म्हणून बाबांनी मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणून संपवलं. हे औषध दाढेतले जंतू मारतं, तसे आतड्यात वर्षानुवर्षं नांदणारे चांगले जिवाणूही मारतं. मोकळ्या रानात तण माजावं तसा मग क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसील नावाचा जिवाणू माजतो. 1935 साली तो पहिल्यांदा सापडला तो चक्क धडधाकट तान्ह्या बाळांच्या शीमध्ये. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड, म्हणून नाव डिफिसील. अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबांमागे तोच आहे हे कळायला 1978 उजाडलं. पासष्टीच्या पुढे त्याचा त्रास जास्त होतो. बाबा, तुमचं वय एकाहत्तर.

हा जिवाणू आतड्याच्या भिंतीत घुसत नाही. तो वरच बसून दोन विषं सोडतो, डॉक्टर त्यांना 'ए' आणि 'बी' म्हणतात. आतड्याच्या प्रत्येक पेशीत मांडवाच्या बांबूंसारखा सांगाडा असतो. विष आत शिरून, तो सांगाडा ताठ ठेवणाऱ्या प्रथिनांना लुळं करतं. मांडव बसतो, शेजारच्या पेशींमधले सांधे उसवतात आणि पाणी गळायला लागतं. त्या हाकेला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि त्यांच्या लढाईत भिंत आणखी सुजते. दुर्बिणीतून डॉक्टरांना दिसले ते पिवळसर पापुद्रे याच लढाईचे होते. म्हणून दिवसाला दहा वेळा, कळ येऊन, तापासकट.

आता त्या रात्रीचं. त्या रात्री तू दोन गोष्टी केल्यास आणि तुला एकच आठवतेय. पहिली म्हणजे तासातासाला चमच्यानं साखर-मीठ-पाणी पाजलंस. त्यामागची गोष्ट तुला माहीत असावी असं मला फार वाटतं. कोलकात्याचे संशोधक शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रावण टोचलं. जंतू नव्हते, तरी तुकडा पाण्यानं टम्म फुगला. 1959 साली त्यांनी हे छापलं आणि कॉलरा विषामुळे होतो हे सिद्ध झालं. ते विष वेगळंच. ते पेशी मोडत नाही, फारशी सूजही आणत नाही. पेशीतून क्षार बाहेर सोडणारं दार तेवढं उघडंच ठेवतं. क्षारामागून पाणी जातं, कधी कधी तासाला लिटरभर. पण साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारं दार मात्र शाबूत असतं. त्याच दारातून पाणी परत आत नेता येतं. 1971 मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून हजारो जीव वाचवले. बाबांची आजारी भिंत कॉलऱ्यापेक्षा वाईट होती, तरी लहान आतड्यातलं ते दार चालू होतं. दाखल केल्यावर डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं शाबूत राहिली. ती तुझ्या चमच्यानं राहिली, आई.

दुसरी गोष्ट ती जुलाब थांबायची गोळी. ती द्यायला नको होती, हे मी लपवणार नाही. ती गोळी आतड्याच्या मज्जातंतूंवर काम करून त्याची हालचाल मंद करते. प्रवासात साधं पोट बिघडलं तर ठीक, पण इथे विष बाहेर पडायच्या ऐवजी आतच कोंडून राहतं. सूज खोल स्नायूंपर्यंत गेली की आतडं हलायचंच सोडतं आणि फुगतं. पहाटे जुलाब थांबले म्हणून तुम्ही दोघं सुटकेचा श्वास टाकत होता आणि बाबांचं पोट मात्र नगाऱ्यासारखं झालं होतं. ते गोळीनं झालं की सुजेनं, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. गोळीच्या पाकिटावर यातलं काही मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. तुला कळणार कुठून? मला माहीत होतं आणि तू रात्री मला फोन केला नाहीस, कारण मला सकाळची ड्यूटी होती. आई, यापुढे माझ्या झोपेची काळजी करू नकोस. रात्री दोनला फोन कर.

बाबा, हा जिवाणू मारणाऱ्या व्हॅन्कोमायसिनच्या कॅप्सूल संपल्या तरी दिवसातून दोनतीनदा जावं लागतं म्हणून घाबरू नका. अस्तर भरून येतं, पण आतड्याच्या नसा काही आठवडे हळव्या राहतात. जेवल्याबरोबर जावंसं वाटणं हे त्यातलंच. पुन्हा तपासणीचा हट्टही नको. बरं झाल्यावरही तपासणीत तो जिवाणू दिसू शकतो. पण पहिले दोन महिने जपायचं. पातळ होऊन दिवसातून तीनच्या वर गेलं, ताप आला किंवा पोट फुगून वारा सरेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. दाताचे, डोळ्याचे, कुठलेही डॉक्टर औषध लिहायला लागले की आधी हा आजार झाला होता हे सांगायचं. रोजची ॲसिडिटीची गोळी खरंच लागते का, तेही पुढच्या खेपेला विचारा.

आणि दारातली ती सॅनिटायझरची बाटली या जंतूच्या बीजाणूंना, म्हणजे टणक कवचात झोपून राहिलेल्या जंतूंना, मारत नाही. साबण आणि वाहतं पाणी. संडास ब्लीचनं धुवायचा. मावशींनाही हातमोजे आणून द्या.

साखर-मीठ-पाण्याचं प्रमाण आई, तू बरोबरच धरलं होतंस: 1 लिटर पाणी, 6 सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. फ्रिजवर चिकटवून ठेव.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. औषधांचा डबा तसाच ठेवा, आपण तिघं मिळून आवरू.

तुमची,
धाकटी