ताईचे खडे आणि वहिनींच्या गोळ्या

पुणे, १२ ऑगस्ट

प्रिय अव्या,

काल तू सहज म्हणालास, वजन कमी करायच्या जठराच्या बायपासनंतर पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या वहिनींनी सोडल्या, कारण कळमळतं. रात्रभर तेच डोक्यात होतं.

वजन भराभर उतरताना पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि खडे धरतात. १९९५ च्या एका अमेरिकन अभ्यासात अशाच बायपासनंतर औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांना सहा महिन्यांत खडे झाले. रोज ६०० मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, म्हणजे या गोळ्यांतलंच औषध, घेणाऱ्यांत फक्त २ टक्क्यांना. ताईचाही असाच बायपास झाला होता, पण तिला ती गोळी कुणी दिलीच नव्हती.

मे महिन्यात तिला हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, पित्तनलिकेत दोन खडे दिसले. एरवी तोंडातून दुर्बीण घालून ईआरसीपी करतात आणि खडे निघतात. पण ताईच्या जठराची लिंबाएवढी पिशवीच वापरात आहे. उरलेलं जठर पोटात असलं तरी तिकडे जायची वाट तुटलेली. आतड्याच्या जोडापर्यंत उतरून पुन्हा उलटं वर चढायचं, तर सव्वा मीटरची दुर्बीण पुरत नाही. पहिल्या हॉस्पिटलात बायपास कोणता हे न विचारताच तिला टेबलावर घेतलं आणि अर्ध्या तासाने म्हणाले, पोचता येत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला फुकटची भूल! मला अजून राग येतो.

दुसरीकडच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बलूनची लांब दुर्बीण असते, पण तीही बरेचदा हात हलवत परतते. पिशवी आणि जुनं जठर यांच्यामध्ये धातूची जाळीदार नळी बसवून वाट करता येते, पण ती वाट पक्की व्हायला शक्यतो थांबावं लागतं. ताईच्या पित्ताशयातही खडे होते, म्हणून त्यांनी लॅप्रोस्कोपी निवडली. जुन्या जठराला छोटं भोक पाडून दुर्बीण तिथूनच आत घातली, नलिकेचं तोंड कापून खडे ओढून काढले आणि त्याच भुलीत पित्ताशयही काढलं. चौथ्या दिवशी ताई घरी पेज पीत होती.

उद्याच वहिनींच्या सर्जनना फोन कर. गोळी सोसत नसेल तर काय करायचं ते त्यांनाच ठरवू दे. ऑपरेशन नोटही मागून घे. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘बायपास’ असेल तर रू-एन-वाय की मिनी यांतला कोणता प्रकार, आतडं किती सेंटिमीटरवर जोडलं, हे लिहून घे आणि दोघांच्या फोनमध्ये फोटो ठेवा. ताईचा तो कागद माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला, तोवर दोन दिवस गेले होते.

रविवारी येतोय. फाइल काढून ठेव.

तुझा,
सुन्या