प्रत्येक विद्याशाखेच्या संशोधनाला एकच माप कसे लावणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'केअर' ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली आणि कोणत्या नियतकालिकातील लेखन ग्राह्य धरायचे हे ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. त्यानंतर अध्यापकवर्गात जी चर्चा मी ऐकली, ती बहुतेक 'आता यादी कोणाची धरायची' या प्रश्नापाशीच थांबलेली दिसली. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. भाषाविज्ञान, पुरातत्त्व, भौतिकी, मानवशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांत संशोधन म्हणून जे काम चालते ते एकाच जातीचे आहे का, आणि नसेल तर शोधनिबंधांची संख्या हे एकच माप सर्वांना लावणे न्याय्य आहे का? याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. पुणे आणि परिसरात गेल्या शंभर वर्षांत झालेली मोजकी कामे पाहिली तरी पुरे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून जुना पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे, काम १९१९ साली सुरू झाले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकून पुढे बर्लिनमध्ये भाषाशास्त्राकडे वळलेला हा विद्वान होता, आणि त्यांच्या संपादनपद्धतीत गणिती शिस्त जागोजागी जाणवते. शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, दक्षिणेतील 'ग्रंथ' लिपी, मल्याळम, देवनागरी अशा अनेक लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते या प्रकल्पासाठी तपासली गेली. श्लोकाश्लोकातील पाठभेद नोंदवून हस्तलिखितांची घराणी लावण्यात आली. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी यांच्यात देवाणघेवाण होण्याचा संभव कमी, म्हणून जिथे त्या दोन्ही एकच पाठ देतात तिथे तो पाठ जुना असण्याची शक्यता अधिक, असा त्यामागचा तर्क होता. या तर्काला न टिकलेला मजकूर फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत जसाच्या तसा छापला गेला, जेणेकरून पुढच्या अभ्यासकाला संपादकाचा निर्णय स्वतः तपासता यावा. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची सर्वांच्या परिचयाची कथाही अशीच परिशिष्टात गेली. लोकप्रिय कथा केवळ पुराव्याअभावी मूळ संहितेबाहेर ठेवण्याचे धैर्य आणि ती नष्ट न करता वाचकासमोर ठेवण्याचा प्रामाणिकपणा या दोन्ही गोष्टी मला संशोधनाच्या गाभ्याच्या वाटतात. सुकथनकर १९४३ मध्ये निवर्तले आणि आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षांच्या या कामाला आजच्या वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात जागा मिळाली असती, हे मला खरोखर सांगता येणार नाही.

डेक्कन कॉलेजमधील संस्कृत कोशाची गोष्ट याहूनही दीर्घ आहे. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये हाती घेतलेल्या या प्रकल्पासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढण्यात आल्या. प्रत्येक शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला हे उताऱ्यांसह दाखवायचे असल्याने तीसहून अधिक छापील खंड निघूनही काम 'अ' या अक्षरातच होते. याला दिरंगाई म्हणणारे आहेत, परंतु एकेका नोंदीमागचे वाचन ज्याने पाहिले असेल तो असे म्हणणार नाही.

त्याच संस्थेतल्या पुरातत्त्वज्ञांचे काम मात्र निराळ्या नियमांनी चालते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या) वसाहतीचे उत्खनन झाले. तिथे कुंभारकाम ओळखणारा, हाडे वाचणारा, जळक्या दाण्यांवरून पीक सांगणारा असे वेगवेगळे तज्ज्ञ लागले. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुले आणि जवाच्या शेतीचे अवशेष या सर्वांची एकत्र संगती लावावी लागली. प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा करता येतो, पण उत्खनन करणारा आपला पुरावा खणता खणता नाहीसा करत असतो आणि एकदा काढलेला थर कोणालाही परत लावता येत नाही. म्हणूनच उत्खननाचा सविस्तर अहवाल हेच त्या विषयातले खरे संशोधन ठरते. असा अहवाल पुरा व्हायला अनेक वर्षे लागतात आणि अध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना दिल्या जाणाऱ्या गुणांच्या हिशेबात त्याला एखाद्या आटोपशीर शोधनिबंधाइतकीच किंमत मिळण्याची भीती असते.

नारायणगावजवळच्या खोडद येथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडे पाहावे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण ज्यांनी घडवली, त्यांच्यापैकी अनेकांचे आयुष्य उपकरण उभे करण्यात आणि ते चालते ठेवण्यात गेले. जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या (ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले, तेव्हा युरोपीय गटाच्या विश्लेषणात या दुर्बिणीची निरीक्षणेही होती. अशा कामात एकट्याने काही होत नाही. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या थेट वेधाचा २०१६ मधील शोधनिबंध हजाराहून अधिक लेखकांचा होता आणि त्यांत पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर यांच्यासह अनेक भारतीय शास्त्रज्ञ होते. अशा निबंधातील एका नावाची तुलना एकट्याने लिहिलेल्या इतिहासग्रंथाशी कोणत्या गणिताने करायची?

एकाच व्यक्तीने दोन वेगळ्या शिस्ती सांभाळल्याचीही उदाहरणे आपल्याकडे आहेत. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी आहत (ठसे मारून पाडलेल्या प्राचीन) नाण्यांची वजने घेतली आणि वापराने होणाऱ्या झिजेवरून संख्याशास्त्राच्या आधारे नाण्यांचा कालक्रम लावला. त्यांनीच अनुवंशशास्त्रात आजही वापरले जाणारे सूत्र १९४४ मध्ये मांडले आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी शरीरमापनापासून नातेसंबंधांच्या अभ्यासापर्यंत मजल मारली, कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली आणि भांडारकर संस्थेची आवृत्ती आधाराला घेऊन 'युगान्त'मधील चिंतन लिहिले. विस्थापितांची पाहणी आणि द्रौपदीवरचा निबंध यांच्या खरेपणाच्या कसोट्या एक नाहीत. कर्वे यांना त्या दोन्ही ठाऊक होत्या आणि त्यांनी एकीच्या जागी दुसरी कधी वापरली नाही.

तत्त्वज्ञानाबाबत तर आपण फारच अनुदार आहोत. १९८३ मध्ये मे. पुं. रेगे, दया कृष्ण आदींच्या पुढाकाराने पुण्यात परंपरेने न्याय, मीमांसा शिकलेले पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले अध्यापक एकत्र बसले आणि पाश्चात्त्य तर्कशास्त्रातील विधानाच्या संकल्पनेवर त्यांनी संस्कृतातून चर्चा केली. तिथे नवी आकडेवारी किंवा नवा पदार्थ हाती आला नाही. दोन परंपरांना परस्परांचे प्रश्न कळू लागले, आणि माझ्या मते ही ज्ञानातली मोलाची भर आहे.

संख्या बाजूला ठेवली तर वशिलेबाजी वाढेल, हा आक्षेप मी क्षुल्लक मानत नाही. निवड समित्यांचा अनुभव असलेल्या कोणालाही ती भीती खरी वाटेल. तथापि २०१० पासूनच्या गुणांकन पद्धतीने वशिला संपला नाही, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा मात्र वाढला. आयोगाला मे २०१८ मध्ये स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अट २०२२ च्या नियमांत काढली गेली, हे योग्यच झाले. तोच विचार आता अध्यापकांच्या बढतीलाही लावला पाहिजे.

विद्यापीठांनी प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळाला आपल्या विषयात कोणते काम संशोधन मानावे हे लेखी ठरवू द्यावे. चिकित्सक आवृत्ती, कोश, उत्खननाचा अहवाल, उपकरणाची जडणघडण, संगणकप्रणाली, क्षेत्रपाहणी आणि मराठीतून लिहिलेला विद्वत्तापूर्ण ग्रंथ यांना त्यात नावानिशी स्थान असावे. उमेदवाराने स्वतः निवडलेल्या दोन-तीन कामांचे बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष वाचन करावे आणि त्यांचे सकारण अभिप्राय सर्वांना पाहता यावेत. वशिल्याला आळा बसेल तो अशा उघड कारणमीमांसेने.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. विद्यापीठांच्या बातम्या बहुधा मानांकन, परीक्षांतील गोंधळ आणि आंदोलने यांच्या असतात. महिन्यातून एकदा अर्धे पान एखाद्या विभागात सध्या काय शोधले जात आहे, कशासाठी आणि कोणत्या पद्धतीने, यासाठी द्यावे, आणि त्यात विज्ञानाबरोबर पाली, भूगोल, संगीत आणि ग्रंथालयशास्त्र यांनाही पाळी मिळावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे