पेपर कोण काढणार ते आधी ठरवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडं एक पत्र छापून आलं, की मताचा अधिकार शिकलेल्या जाणकार लोकांनाच द्या, बाकीचे मटण-दारूवर मत विकतात. राग मलापण येतो हो, निवडणुकीच्या आदल्या रात्री काय काय चालतं ते दिसतंच की. पण जाणकारांचं राज्य सोलापूरनं आत्ताच बघून झालंय. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 ला निवडणूक होईपर्यंत आयुक्तच प्रशासक, म्हणजे आयएएसवाले, त्याहून हुशार माणूस आणायचा कुठून? साहेब लोक वाईट होते असं माझं म्हणणं नाही. पण नगरसेवक कसापण असू दे, त्याला सकाळी चहाच्या टपरीवर गाठून चार शिव्या घालता येतात, साहेबाची बदली झाली की विषय संपला.

उजनी धरणात 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला निम्म्याच्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, हा हिशोब इंजिनियरनंच करायचा, तिथं मतदान घेऊन उपयोग नाही. मान्य. पण उसाला किती, शहराला किती, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात ओ? 2021 ला उजनीतलं 5 टीएमसी शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला द्यायचं ठरलं तेव्हा आख्खा सोलापूर जिल्हा उठला आणि पुढच्याच महिन्यात निर्णय मागं घ्यावा लागला, आंदोलनात ग्रॅज्युएट किती हे कुणी मोजत बसलं नाही.

आणि शिकलेल्यांचं वेगळं मत आहेच की, विधान परिषदेचा पुणे पदवीधर मतदारसंघ, आपला जिल्हा त्यातच येतो. काम एवढंच, नावापुढं 1, 2 असे पसंतीचे आकडे टाकायचे. 2020 ला त्यातपण हजारो मतं बाद! डिग्रीवाल्यांची!! (माझं गेलं का राहिलं, देव जाणे.)

1928 ला बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढं सगळ्या प्रौढांना मत मागितलं तेव्हापण अडाण्यांना काय कळतंय म्हणणारे होतेच, त्यावेळी मत होतं मुख्यतः इस्टेटवाल्यांना आणि जमिनीचा सारा भरणाऱ्यांना.

आमची आई दुसरी शिकलेली, जन्मभर विड्या वळल्या. हजारामागं मजुरी किती, खराब म्हणून किती विड्या काढून टाकल्या, पानं कमी दिली तर भरपाई कुणाच्या खिशातून, सगळं बोटावर. मताच्या आधी परीक्षा घ्यायची असेल तर घ्या, पण पेपर आईला काढू द्या, मग ते पत्रवाले साहेब पास होतात का बघू.

आपला एक वाचक,
सोलापूर