सुतारकाका, तुम्ही आधी वाफेची वाट विचारलीत

सुतारकाका, सादर नमस्कार.

तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून, आणि चारचौघांत. दुसराही एक हेतू आहे, तो लपवत नाही. माशांच्या टाकीवर ज्यांनी लाकडी हूड (दिवे बसवलेलं पेटीसारखं झाकण) बसवला आहे आणि ज्यांच्या हूडची आतली बाजू काळी पडायला लागली आहे, त्यांनीही हे वाचावं.

मी तुमच्याकडे आले होते ते रंग विचारायला. हूड टाकीबरोबरच आलेला, जुना. कडांचे पापुद्रे सुटलेले, दिव्यांवरची फळी करपट तपकिरी, पुढचं दार इतकं फुगलेलं की दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. तुम्ही रंगाचं नावही काढलं नाहीत. दार उघडून आत हात घातलात आणि विचारलंत, "वाफ जाते कुठून?" जायला वाटच नव्हती. मागची फळी भिंतीला टेकलेली, वर झाकण बंद, आणि खाली चोवीस तास कोमट पाणी.

मग तुम्ही जे समजावलंत ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, हे ठाऊक होतं. पण ते फुगतं लाकडाच्या रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाही. आणि आतलं अंग ओलं, बाहेरचं कोरडं राहिलं की ओल्या अंगाला पोट सुटून फळी वाकते. दिवसा दिव्यांनी ती तापून सुकते, रात्री दिवे बंद झाले की वाफ गार फळीवर पाणी होऊन बसते. हा खेळ रोजचा. रंग कितीही चांगला असला तरी या ओढाताणीत तो सांध्याशी आणि कडेशी तडकतो, आणि तिथून पाणी आत शिरतं. म्हणूनच बाहेरच्या अंगाला नुसतं पॉलिश आणि आत रंगाचे तीन हात, हा माझा बेत तुम्ही ऐकूनही घेतला नाहीत. दोन्ही अंगांना सारखंच संरक्षण हवं.

मागच्या फळीला वरच्या बाजूने तुम्ही लांब खाच पाडलीत आणि एका बगलेला, पाण्याच्या जरा वर, कॉम्प्युटरमधला असतो तसा बारा व्होल्टचा पंखा बसवलात. तोही बाहेरची कोरडी हवा आत ढकलणारा. वाफ पंख्यातूनच बाहेर ओढली असती तर ती मोटारीवर बसली असती. दिवे बंद झाल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो. याचा एक फायदा तुमच्या हिशोबात नव्हता, तो मी सांगते: पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडून गेलं की जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता टाकीतून कमी होते. हूड वाचवायला लावलेला पंखा मासेही गार ठेवतो. फक्त उडालेल्या पाण्याच्या जागी साधं, क्षार कमी असलेलं पाणी भरत राहावं लागतं, कारण क्षार उडत नाहीत. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तर गोडंच पाणी घालायचं.

दिव्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा मारताना तुम्ही तो लाकडाला चिकटवू दिला नाहीत. मध्ये बोटभर फट, तिच्यातून हवा फिरती. लाकूड पेटायला बरीच उष्णता लागते, पण सतत तापत राहिलं तर त्याच्या कितीतरी आधीच ते करपायला लागतं, आणि करपलेलं लाकूड पुढे लवकर पेट घेतं. ती तपकिरी फळी मी नुसती कुरूप समजत होते. तुम्ही ती काढून टाकायला लावलीत, हे फार बरं झालं.

आता रंगाकडे. नव्या फळ्या मरीन प्लायच्या, कारण त्याचा गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही. पण कड उघडी राहिली तर तोही पाणी पितो, हे तुम्ही ओरडून सांगितलंत (खरंच ओरडून). कडांना आधी पातळ एपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा लेप), पिईल तेवढं. मग जाड हात. स्क्रूची भोकं मोठी पाडून एपॉक्सीने भरायची आणि सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडायचं, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. ही होड्या बांधणाऱ्यांची रीत. दोन हातांच्या मध्ये वर येणारा मेणचट थर पाण्याने धुऊन मगच पॉलिश पेपर मारायचा. शेवटी आतून पांढरा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, कारण नुसतं एपॉक्सी अतिनील प्रकाशात पिवळं पडतं, आणि पांढऱ्यावरून उजेडही खाली परत येतो. वास पूर्ण जाईपर्यंत हूड टाकीपासून लांब, दुसऱ्या खोलीत. त्या काळात दिवे दोरीला टांगले होते. दिसायला भयंकर.

दोन गोष्टींत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. पितळी स्क्रू तुमच्या सवयीचे, पण पितळात तांबं असतं आणि माझ्या कोळंब्यांना तांबं सोसत नाही. हे सांगितल्यावर तुम्ही क्षणात स्टेनलेसवर आलात. इतक्या वर्षांच्या कारागिराने एका हौशी बाईचं ऐकावं, याचेही आभार. दुसरी गोष्ट पाण्यावर, हूडच्या खाली झाकण म्हणून ठेवायच्या काचेची. तुमच्या मते ती हवीच. लाकडासाठी तुमचंच बरोबर आहे. पण काचेवर क्षार चढतात, उजेड अडतो आणि पंख्याचं अर्धं काम वाया जातं. मी जाळी टाकली आहे, मासे उडी मारू नयेत म्हणून. यावर आपलं अजून पटलेलं नाही आणि पटेल असं वाटत नाही.

वायरीला बोर्डाच्या खाली झोळ ठेवायला लावलात, तोही तसाच आहे; वायरीवरून ओघळणारं पाणी तिथूनच खाली पडतं, बोर्डात जात नाही.

आता एक काम. दाराच्या खालच्या कडेला, बिजागरीपाशी, रंगाला केसाएवढी चीर दिसते आहे. चीर दिसली की लगेच घासून, पूर्ण सुकवून भरायची, हे तुमचंच सांगणं. उद्या ते करते. उरलेल्या एपॉक्सीच्या डब्यात हार्डनर जरा लालसर झाला आहे. तो चालेल की नवीन आणू, तेवढं कळवा.

तुमची,
टाकीवाली