गालातल्या नमुन्यावरून मुलाचा कल कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत विलेपार्ले येथील आमच्या सोसायटीच्या आवारात एका खासगी कंपनीने टेबल मांडले होते. मुलाच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा आणि काही आठवड्यांनी त्याचा जन्मजात कल गणिताकडे, संगीताकडे की खेळाकडे आहे याचा अहवाल पालकांच्या हाती ठेवायचा, असा तो व्यवहार होता. शेजारच्या चौथीतल्या मुलाच्या अहवालात संगीताची क्षमता ‘मध्यम’ आली आणि त्याची तबल्याची शिकवणी बंद झाली. मी अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्याने त्याच्या आईवडिलांनी माझे मत विचारले खरे, पण पैसे भरून झाल्यावर.

दोष एकट्या त्या कंपनीचा नाही. ‘अमुक स्वभावाचे जनुक सापडले’ असे मथळे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. त्यांतले किती दावे पुढे टिकले नाहीत, याची बातमी क्वचितच होते. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे जन्मलेल्या साडेआठशेच्या आसपास तरुणांच्या अभ्यासावरून २००३ साली असे मांडले गेले की, सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाची ने-आण करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचे आखूड रूप ज्यांच्याकडे आहे, त्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य येण्याचा धोका अधिक असतो. वर्गात मीही ते उत्साहाने सांगितले आहे. २०१९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी लाखो लोकांच्या माहितीवर या जनुकासह नैराश्याशी जोडलेली अठरा गाजलेली जनुके तपासली, तेव्हा सरसकट निवडलेल्या इतर जनुकांपेक्षा त्यांचा नैराश्याशी अधिक संबंध असल्याचे दिसले नाही.

मग वर्तनात आनुवंशिकतेचा वाटा नाही काय? आहे, पण तो हजारो ठिकाणी विखुरलेला आहे आणि त्यातला प्रत्येक अंश अतिसूक्ष्म आहे. माणूस किती वर्षे शिक्षण घेतो, या प्रश्नावर २०२२ साली सुमारे तीस लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ चार हजार जनुकीय फरक हाती लागले, आणि संपूर्ण जनुकसंचातील अशा फरकांची गोळाबेरीज करूनही माणसामाणसांतील तफावतीपैकी बारा ते सोळा टक्केच उलगडली. हे आकडे समूहाचे आहेत. एका मुलाचे भविष्य त्यांतून वाचता येत नाही. शिवाय त्या गोळाबेरजेत घरही मिसळलेले असते. आइसलँडमधील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, आईवडिलांची जी जनुकीय रूपे मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध आढळतो. म्हणजे आईच्या जनुकांचा जो अर्धा भाग मुलाच्या शरीरात शिरलाच नाही, तोही तिने घरात घडवलेल्या वातावरणाच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘त्या घरातली मुले हुशारच असायची’ असे जातीकडे बोट दाखवत बोलणाऱ्यांनी हा निष्कर्ष सावकाश वाचावा.

त्यातही ते तीस लाख लोक युरोपीय वंशाचे होते, आणि एका समूहावर बसवलेले असे गणित दुसऱ्या समूहाला लावले की त्याची अचूकता बरीच घसरते. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती २०२५च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली. रोगांच्या अभ्यासासाठी ती मोलाची आहे. तिच्या आधारे पार्ल्यातल्या मुलाचा तबल्यातला हात जोखता येणार नाही.

जनुकीय चाचणीवर पैसे खर्च करण्यासारखी जागा निराळीच आहे. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असतील, म्हणजे स्वतः निरोगी असूनही सदोष जनुक बाळगून असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, आणि वाहक ओळखण्याचे काम साध्या रक्तचाचणीपासून सुरू होते. मुंबईतील सिंधी, लोहाणा आदी समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असूनही लग्नाआधी ही चाचणी सुचवली की वडीलधारी मंडळी नाराज होतात, हा माझा अनुभव आहे.

आपल्या पत्रास विनंती आहे की, जनुके आणि वर्तन यांविषयीची बातमी छापताना अभ्यास किती लोकांवर, कोणत्या देशात झाला आणि आढळलेला परिणाम किती मोठा आहे, एवढे पहिल्या परिच्छेदातच द्यावे. अशा चाचण्यांच्या जाहिराती स्वीकारतानाही हेच प्रश्न कंपन्यांना विचारले जावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले (पूर्व), मुंबई